पोर्ट्रेटसाठी स्पीडलाइट की स्टुडिओ लाइट? आधी सांगा, लाइट राहणार कुठे

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीतले एक फोटोग्राफर आजवर लग्नांत दुसऱ्याच्या हाताखाली काम करत आले. आता स्वतःची पोर्ट्रेटची कामं घ्यायची आहेत: ऑडिशन देणाऱ्यांचे पोर्टफोलिओ, डोहाळजेवणाचे फोटो, लहान मुलं, जमलं तर ऑफिसांतले हेडशॉट. कॅमेरा आहे, ५० आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्स आहेत, हाताशी चाळीस हजार आहेत. घरचा हॉल दहा बाय पंधराचा. दोन स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारे छोटे फ्लॅश, घ्यावेत की स्टँडवरच्या दोन मोठ्या फ्लॅशचा स्टुडिओ किट? दुकानदार म्हणतो, प्रोफेशनल काम करायचं तर वॅट हवेत.

दुकानदाराचं तसं चूक नाही, पण वॅटचं नंतर बघू. तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की लाइट राहणार कुठे. एका खोलीत स्टँडवर कायमचा उभा राहणार असेल, तर वायरवाल्या स्टुडिओ लाइटइतकी स्वस्त आणि निर्धास्त गोष्ट नाही. पण तुमचा गिऱ्हाईक दादरला, अंधेरीला, पवईला आहे आणि तुम्ही डोंबिवलीहून निघणार आहात. म्हणजे तुमचा लाइट दिवसाचे दोन-तीन तास लोकलमध्ये असणार. शिवाय घरचा हॉल हा घरच्यांचाही हॉल आहे. शूट संपल्यावर सगळं गुंडाळून पलंगाखाली जायला हवं. माझं उत्तर इथेच जवळपास ठरतं: बॅटरीवर चालणारं घ्या. पण त्यातलं कोणतं, आणि त्यामुळे कुठे अडणार, हे सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मऊ उजेड वॅटमुळे येत नाही. तो येतो उजेडाचा पृष्ठभाग चेहऱ्याच्या मानाने किती मोठा दिसतो त्यावर. तीन फुटांचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइटवर चढवायचा पांढऱ्या कापडाचा डबा, चेहऱ्यापासून तीन फुटांवर असेल तर आत स्पीडलाइट आहे की सहाशेचा स्टुडिओ लाइट, हे नाकाच्या सावलीवरून फारसं ओळखता येणार नाही. तोच सॉफ्टबॉक्स दहा फुटांवर नेला की दोन्हींची सावली सारखीच कडक होते. एक बारीक फरक आहे. स्पीडलाइटचं तोंड चपटं, उजेड पुढे फेकणारं. त्यामुळे सॉफ्टबॉक्सच्या मध्यावर जास्त उजेड पडतो आणि कडा मंद राहतात. स्टुडिओ लाइटसारखा उघड्या ट्यूबचा लाइट चहूबाजूंनी उजेड फेकतो आणि बॉक्स भरून काढतो. स्पीडलाइट वापरताना आतला दुसरा पांढरा पडदा काढू नका आणि झूम सर्वांत रुंद ठेवा, म्हणजे हा फरक बराच कमी होतो.

आता वॅट. नेमकं बोलायचं तर वॅट-सेकंद, म्हणजे फ्लॅशच्या एका उडण्यात किती ऊर्जा बाहेर पडते ते. लिथियम बॅटरीवाला चांगला स्पीडलाइट ७६ वॅट-सेकंदांच्या आसपास असतो. मध्यम स्टुडिओ लाइट ३०० चा. चौपट, म्हणजे दोन स्टॉप; एका स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो. स्पीडलाइटने एफ ४ मिळत असेल तिथे स्टुडिओ लाइटने एफ ८ मिळेल, बस. (एफ हे लेन्सच्या भोकाचं, म्हणजे ॲपर्चरचं माप; आकडा लहान तितकं भोक मोठं.) आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १०० वरून ४०० केला की हे दोन स्टॉप भरून निघतात. आजच्या कॅमेऱ्यांत आयएसओ ४०० ला पोर्ट्रेट खराब होत नाही. स्पीडलाइटच्या खोक्यावर गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या जोराचा आकडा, ६० लिहिलेला दिसला तर भुलू नका. तो २०० मिलिमीटरच्या झूमला, उजेड एका झोतात आवळून मोजलेला असतो. सॉफ्टबॉक्समध्ये घातल्यावर त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

दुकानात कुणी सांगत नाही ती गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. मुंबईतल्या खोल्यांत अडचण जास्त उजेडाची होते. स्वस्तातल्या ४०० च्या स्टुडिओ लाइटची सर्वांत कमी पॉवर बहुतेकदा १/१६ असते, म्हणजे २५ वॅट-सेकंद. पूर्ण पॉवरच्या स्पीडलाइटचा हा एक तृतीयांश झाला! तुमच्या हॉलमध्ये तीन फुटांवर सॉफ्टबॉक्स लावलात, आयएसओ १०० ठेवला, तर इतक्या खाली आणूनही एफ ५.६ च्या आसपास उजेड येईल. ८५ ची लेन्स घेऊन एफ २ ला मागचा पडदा धूसर करायचा म्हटलं तर तीन स्टॉप जास्त. लाइट लांब नेणार कुठे? मागे भिंत आहे. मग लेन्सवर उजेड अडवणारी काळपट काच, म्हणजे एनडी फिल्टर लावा, नाहीतर सॉफ्टबॉक्सवर आणखी एक कापड चढवा. स्पीडलाइट १/१२८ पर्यंत खाली येतो, म्हणजे एका वॅट-सेकंदाच्याही खाली. लहान खोलीत उघड्या ॲपर्चरने काम करणाऱ्याला खरी चैन ही आहे.

लहान खोलीची दुसरी खोड म्हणजे भिंती. पांढरी भिंत, नऊ-साडेनऊ फुटांवरचं छत, सगळीकडून उजेड परत येतो आणि तुम्ही एका बाजूला हौसेने ठेवलेली सावली भरून टाकतो. भिंतीला पिस्ता किंवा गुलाबी रंग असेल तर तो गालावर उतरतो. यावर उपाय मोठा लाइट नाही. उपाय म्हणजे लाइट माणसाच्या जवळ, अगदी फ्रेमच्या काठापर्यंत आणणे. लाइट एक मीटरवर आणि भिंत त्याच लाइटपासून दोन मीटरवर असेल तर भिंतीवर चौथाई उजेड पडतो. जवळ आणला की पॉवर आपोआप कमी लागते, मागचं काळवंडतं, सावली मऊ होते. सावलीच्या बाजूला काळं कापड टांगा. घरात काळी चादर असेल तर तीही चालते. उलट सावली भरायची असेल तर थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करा. हिंदी-मराठी शूटिंगच्या सेटवर अजूनही तेच करतात.

मग स्टुडिओ लाइट हवेत कशाला? त्याला कारणं आहेत, आणि ती टाळण्यासारखी नाहीत.

पहिलं कारण मॉडेलिंग लॅम्प. स्टुडिओ लाइटमध्ये एक सतत जळणारा दिवा असतो. त्याच्या उजेडात फोटो काढण्याआधीच दिसतं की नाकाची सावली ओठावर उतरते आहे, डोळ्यांत ठिपका आलाच नाही, चष्म्यात सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब आलंय. शिकणाऱ्यासाठी हे सोनं आहे. स्पीडलाइटने काम करताना प्रत्येक वेळी काढा, मागच्या स्क्रीनवर बघा, स्टँड हलवा, पुन्हा काढा, असं चालतं. समोर पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली मुलगी असेल तर तुमच्या कपाळावरच्या आठ्या बघून ती आणखी आखडते. गोल तोंडाच्या काही नव्या स्पीडलाइटमध्ये छोटा एलईडी मॉडेलिंग लाइट असतो, पण सॉफ्टबॉक्सच्या दोन कापडांमागून, खोलीतला उजेड चालू असताना, तो नावालाच.

दुसरं, पुन्हा भरण्याचा वेग. चार पेन्सिल सेलवरचा स्पीडलाइट पूर्ण पॉवरला उडवला की पुढच्या उडण्यासाठी तीन-चार सेकंद लागतात, सेल उतरले की आणखी. त्या तीन सेकंदांत वर्षाचं बाळ हसून, रडून, आईकडे वळून मोकळं झालेलं असतं. शिवाय सलग पूर्ण पॉवरला उडवत राहिलात तर स्पीडलाइट तापतो आणि स्वतःला वाचवायला मंद होतो किंवा थांबतो. वायरवाला लाइट दीड सेकंदाच्या आत तयार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. स्पीडलाइटच वापरायचा असेल तर तो चौथाई पॉवरच्या वर नेऊ नका, आयएसओ वाढवा. चौथाईला तो जवळपास लगेच भरतो. साधे सेल घेऊ नका. रिचार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड घ्या, एनेलूप किंवा तसले, किंवा मुळातच लिथियम बॅटरीवाला स्पीडलाइट घ्या.

तिसरं कारण घोळका. दहा जणांचं कुटुंब उभं केलंत की लाइट तीन मीटर मागे जातो. एक मीटरवरून तीन मीटरवर गेलं की उजेड नऊ पट कमी, तीन स्टॉपहून जास्त. वर मागच्या रांगेतले काका धूसर व्हायला नकोत म्हणून एफ ८ हवा. आता बोलवा वॅट. इथे स्पीडलाइट खरोखर दमतो. पायापासून डोक्यापर्यंतचा फोटो, त्यासाठी पाच फुटांचा आठकोनी सॉफ्टबॉक्स (ऑक्टाबॉक्स), मागच्या पांढऱ्या पडद्यावर वेगळे दोन लाइट, असलं काम निघालं की ते स्टुडिओतच करावं. तुमच्या हॉलमध्ये ८५ ने पायापासूनचा फोटो निघणारही नाही. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याला पाचेक मीटर मागे जावं लागतं.

एक बाब मात्र लोक उलटी समजतात. नाचणाऱ्या मुलीचे केस आणि घेर हवेत गोठवायचे तर मोठा लाइट हवा असं वाटतं. पण स्पीडलाइटची पॉवर कमी केली की उडण्याचा काळ आणखी आखूड होतो, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही खाली जातो. साध्या, जुन्या घडणीच्या स्टुडिओ लाइटमध्ये तो बराच लांब असतो, आणि काहींमध्ये तर पॉवर कमी केल्यावर आणखी लांबतो. खोली अंधारी ठेवलीत तर या कामाला दोन साधे स्पीडलाइट महागड्या किटला भारी पडतात.

आता बाहेर. पोर्टफोलिओवाल्यांना मरीन ड्राइव्ह, बँडस्टँड, वसईचा किल्ला हवाच असतो. भर उन्हात आयएसओ १०० ला, १/२०० सेकंदाच्या शटरला, एफ ११ हे साधारण उन्हाचं माप. बहुतेक कॅमेरे फ्लॅशसोबत १/२०० किंवा १/२५० च्या वर साध्या पद्धतीने जात नाहीत. म्हणजे आकाश जरा गडद करून चेहरा उजळायचा तर लाइटने एफ ११ ते १६ द्यायला हवा. सॉफ्टबॉक्समधला स्पीडलाइट पूर्ण पॉवरला, चेहऱ्याला चिकटवून, तिथपर्यंत जेमतेम पोचतो. फ्लॅशसोबत त्याहून जलद शटर वापरू देणारा मोड, म्हणजे हाय-स्पीड सिंक चालू केलं की एफ २.८ आणि १/३२०० असं जाता येतं, पण त्या मोडमध्ये फ्लॅशचा जोर दोनेक स्टॉप पडतो. स्पीडलाइटकडे मुळातच शिल्लक नव्हती, त्यातून ही कपात. २०० वॅट-सेकंदांच्या लाइटला थोडी जागा उरते, सहाशेला भरपूर. दुसरी वाट म्हणजे लेन्सवर चार स्टॉपचा एनडी: शटर १/२०० च राहतं, एफ २.८ मिळतो आणि हाय-स्पीड सिंकची कपात टळते. पण खरं सांगू? मुंबईत दुपारी बारा ते तीन बाहेर पोर्ट्रेट काढूच नका. घामाने मेकअप उतरतो, डोळे मिचमिचे होतात आणि गिऱ्हाईक वैतागतो. सूर्य समुद्राकडे उतरला की त्याला माणसाच्या पाठीशी घ्या. तेव्हा उजेड इतका खाली आलेला असतो की साधा स्पीडलाइट आणि उजेड मऊ करणारी पांढरी छत्री पुरते. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशीही तेच.

बाहेर स्टँडचं दुखणं वेगळं. समुद्रावरचा वारा सॉफ्टबॉक्सला शिडासारखा उचलतो. लाइट पडला तर ट्यूब गेली, आणि खाली कुणाचं डोकं असेल तर त्याहून वाईट. वाळूची पिशवी रोज नेणं जमत नाही, म्हणून रिकामी पिशवी न्या आणि तिथेच पाण्याच्या बाटल्या भरून टांगा. शिवाय गर्दीच्या जागी स्टँड उघडला की पहारेकऱ्याची शिट्टी वाजते, मग परवानगी विचारली जाते. बरोबर कुणी असेल तर लाइट एका दांड्यावर लावून त्याच्या हातात द्या. हातात धरलेल्या लाइटकडे सहसा कुणी बघत नाही, आणि जागा बदलणंही पटकन होतं. हे फक्त हलक्या लाइटने शक्य आहे. तीन किलोचा लाइट दांड्यावर धरून पाच मिनिटं उभं राहून बघा.

या दोन टोकांच्या मध्ये गेल्या काही वर्षांत एक प्रकार आला आहे, आणि तुमच्यासाठी तोच: २०० वॅट-सेकंदांचा, बॅटरीवरचा, जाडजूड पुस्तकाएवढा लाइट. गोडॉक्सचा या मापाचा लाइट तुम्हाला मुंबईत जिथे तिथे दिसेल. त्याला उघडी ट्यूब लावता येते, स्पीडलाइटसारखं चपटं तोंडही लावता येतं. स्पीडलाइटपेक्षा दीडेक स्टॉप जास्त, १/१२८ पर्यंत खाली येतो, आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्सशेजारी बसतो. सकाळी आठ-सव्वाआठच्या फास्ट लोकलमध्ये चढायचं असेल तर शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. वायरवाल्या दोन लाइटची पेटी घेऊन त्या डब्यात शिरून दाखवा. बीकेसीतल्या ऑफिसात पन्नास जणांचे हेडशॉट असतील तरी हा एक लाइट दिवस काढतो, जवळ जादा बॅटरी असली की झालं. मीटिंग रूममध्ये वायर पसरायची नाही, कुणी अडखळायचं नाही, प्लगसाठी हाउसकीपिंगवाल्याला शोधत फिरायचं नाही. तिथे छताचे एलईडी मात्र बंद करून घ्या, नाहीतर त्यांचा रंग सावल्यांत मिसळतो आणि पन्नास चेहऱ्यांचा रंग सुधारत बसावं लागतं.

सतत जळणाऱ्या एलईडीबद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून दोन वाक्यं. १०० वॅटचा एलईडी १/१२५ सेकंदात एका वॅट-सेकंदापेक्षाही कमी ऊर्जा देतो, म्हणजे साधारण तुमच्या स्पीडलाइटच्या १/६४ आणि १/१२८ पॉवरच्या मधोमध. ऑडिशनचा व्हिडिओही करून देणार असाल तर तो लागेलच. फोटोसाठी त्याच्यावर विसंबू नका.

आता पैशाची मांडणी. तुम्ही लग्नं करत होतात, म्हणजे एक स्पीडलाइट जवळ असणारच. तो ठेवा, केसांवर किंवा मागच्या पडद्यावर मारायला तो पुरेसा आहे. चाळिसातला मोठा वाटा त्या २०० च्या लाइटला द्या. लाइट दुरून उडवायला तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचा रेडिओ ट्रिगर घ्या, आणि जुना स्पीडलाइट दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याच्यासाठी ट्रिगरचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर. उरलेल्यात एक पांढरी आरपार छत्री आणि तीन फुटांचा पटकन उघडणारा सॉफ्टबॉक्स. सॉफ्टबॉक्स बोवेन्स माउंटचाच घ्या; माउंट म्हणजे लाइटवर अडकवायची त्याची कडी. बोवेन्स ही इंग्लंडची कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचा माउंट सगळ्यांनी उचलला. उद्या लाइट बदललात तरी सॉफ्टबॉक्स चालतो, आणि भाड्याच्या स्टुडिओतल्या बऱ्याच लाइटवरही बसतो. स्टँडमध्ये कंजुषी नको. पाय उलटे दुमडून फूट-दीड फुटाचा होणारा स्टँड बॅगेत बसतो, पण तो घरातच वापरा. बाहेर जरा जड पायाचा. हे सगळं चाळिसात बसवताना ओढाताण होईल. तशी वेळ आली तर सॉफ्टबॉक्स पुढच्या महिन्यावर टाका, स्टँड टाकू नका.

किंमत पाडायला सेकंडहँड बघणार असाल तर फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला चक्कर मारा, पण हातात कॅमेरा घेऊन. मॅन्युअल मोडला पांढऱ्या भिंतीवर पूर्ण पॉवरला सलग दहा फोटो काढा आणि स्क्रीनवर एकाशेजारी एक बघा. उजेड वरखाली होत असेल किंवा रंग पिवळा-निळा हलत असेल तर सोडून द्या. ट्यूबची टोकं काळी पडलीत का बघा. बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. जरा जरी फुगलेली असेल तर तो लाइट फुकटसुद्धा घेऊ नका. फिल्मच्या काळातला फ्लॅश कुणी शंभर-दोनशे रुपयांत दिला तरी तो थेट कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरला शेकडो व्होल्ट असतात आणि त्यात आजच्या कॅमेऱ्याची सर्किट जळते. आणि कुठलाही लाइट बिघडला म्हणून घरी उघडू नका, बॅटरी काढलेली असली तरी. आतला कॅपॅसिटर बराच वेळ भरलेला राहतो आणि त्याचा झटका जिवावर बेतू शकतो.

जून ते सप्टेंबर या काळात लाइट बॅगेत कोंबून ठेवू नका. पेन्सिल सेल स्पीडलाइटमधून काढा, संपर्काच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा, सॉफ्टबॉक्स ओला राहिला तर पंख्याखाली वाळवूनच घडी करा. त्या कापडाला बुरशीचे डाग पडले की जात नाहीत. महिन्यातून एकदा लाइट चालू करून काही वेळा उडवा. कॅपॅसिटर वर्षभर निजलेला चांगला नाही.

राहिले स्टुडिओ लाइट. ते विकत घेऊ नका, भाड्याने वापरा. अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात तासावर किंवा शिफ्टवर मिळणारे स्टुडिओ आहेत. पायापासूनचे फोटो, मोठं कुटुंब, पांढरा अखंड पडदा, अशी कामं तिकडे न्या आणि भाडं कोटेशनमध्ये वेगळं दाखवा. पहिल्यांदा गिऱ्हाईक न घेता जा, एखाद्या मित्राला बसवा आणि मॉडेलिंग लॅम्प लावून एकच लाइट चेहऱ्याभोवती फिरवत बघत राहा. बुक करताना फोनवरच विचारा: लाइट किती वॅट-सेकंदांचे, सर्वांत कमी पॉवर किती, माउंट बोवेन्सचा आहे का, छत किती उंच, आणि ट्रिगर तुमच्या कॅमेऱ्यावर चालतो का. शेवटच्याचं उत्तर "बहुतेक चालेल" असं आलं तर कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेतल्या मधल्या एका पिनवर चालणारा साधा ट्रिगर आणि सिंकची वायर बरोबर ठेवा.